पाटीवर न बसणारा धूर

हुंग्या खोटं सांगतो, असं सिमेंट कारखान्याच्या धवळपेठ कॉलनीत सगळ्यांचं ठरून गेलं होतं. एकटी निहिरा तेवढी ते मानायला तयार नव्हती, पण तिच्या हातातही पुरावा नव्हता.

हुंग्या म्हणजे तिनं शाळेच्या प्रयोगशाळेत वर्षभर खपून बनवलेला यंत्रमानव. उंचीला कळशीएवढा, खाली चाकं आणि पुढे लांब नळीचं नाक. त्या नाकात वायुसंवेदक (हवेत कोणता वायू किती आहे हे ओळखणारा छोटा भाग) बसवलेला होता. कुणाच्या घरी गॅसची नळी गळते आहे आणि कुणाच्या घरी दूध उतू गेलं आहे, हे तो फाटकातूनच सांगायचा. त्यामुळे कॉलनीत त्याचे लाडही होत आणि लोक त्याला थोडे वचकूनही असत.

शनिवारी निहिराचा वर्ग सिमेंट कारखान्याची नवी भट्टी बघायला गेला. ही भट्टी कोळशावर चालत नव्हती. टेकडीच्या उतारावर मांडलेले शेकडो आरसे ऊन एका जागी फेकत आणि त्या उन्हाच्या आचेवर चुनखडी (चुन्याचा दगड) भाजली जाई. कोळसा नाही, म्हणून धूर नाही. चिमणीच्या तोंडाशी नुसतं निळं आभाळ दिसत होतं. चिमणीच्या बुंध्याला हवा तपासण्यासाठी एक भोक ठेवलेलं होतं. हुंग्यानं त्यात नाक खुपसलं आणि सगळ्यांसमोर ठणठणीत आवाजात सांगून टाकलं, "कार्बन डायऑक्साइड. भरपूर."

वर्ग खो खो हसला. मेश्राम मॅडम हसल्या नाहीत, पण त्यांनाही ते पटलं नाही.

"निहिरा, हा वायू कोळसा जाळल्यावर निघतो. इथे कोळसाच नाही तर तो येईल कुठून?" त्या म्हणाल्या. "संवेदक बिघडला असेल गं. सोमवारी खोलून बघू."

खोलून बघू म्हणजे काय, ते निहिराला चांगलं ठाऊक होतं. बिघडलेल्या यंत्राचे सुटे भाग दुसऱ्या मुलांना द्यायचे, असा शाळेचा नियमच होता. चाकं एकाकडे जाणार, आवाज दुसऱ्याकडे, नाक कचऱ्यात. मग हुंग्या म्हणून कुणी उरणारच नव्हतं.

रविवारी संध्याकाळी ती अंगणात तोंड पाडून बसली होती. आबा झाडांना पाणी घालत होते. आबा म्हणजे तिचे आजोबा वामनराव धोटे. ते कारखान्याच्या प्रयोगशाळेत रसायनतज्ज्ञ होते आणि आता निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली होती.

"काऊन रुसून बसली बापा?" त्यांनी विचारलं.

निहिरानं सगळं सांगितलं. आबांनी झारी खाली ठेवली आणि कुंपणाच्या भिंतीकडे बोट केलं. "ते पाटी पाह्य ना. काही दिसून राहिलं का तिच्यावर? काहीच नाही. मंग चिमणी साफ आहे. तुयाच यंत्राचं नाक चोंदलं असंन."

आता ही पाटी काय भानगड होती, ते सांगायला हवं. धवळपेठेत एके काळी प्रत्येक घराच्या भिंतीवर एक काळी दगडी पाटी असायची. सकाळी ती पुसायची आणि संध्याकाळी तिच्यावरून बोट फिरवायचं. बोटाची रेघ जितकी ठळक, तितकी त्या दिवशी चिमणीनं धूळ जास्त ओकली. धूळ फारच झाली की बायका पाट्या हातात धरून कारखान्याच्या फाटकाशी जाऊन उभ्या राहत. बोलायची गरजच पडत नसे. पुढे धूळ अडवणाऱ्या कापडी गाळण्या आल्या, पाट्या कोऱ्या राहू लागल्या आणि लोकांनी त्या काढून टाकल्या. आबांनी मात्र आपली पाटी काढली नव्हती.

त्याचं कारण निहिराची आजी होती. शेवंताआजीला निहिरानं फक्त फोटोत पाहिलं होतं.

"तुयी आजी लय मिजासखोर," आबा पाटीकडे बघत म्हणाले. त्यांच्या आवाजात कौतुक मावत नव्हतं. "पहाटे पाळीवर निघाचो ना मी, तं ती झोपलेली राहे. पण रात्रीच पाटीवरच्या धुळीत बोटानं लिहून ठेवे, 'डबा घेतला?' मी खाली लिहो, 'घेतला.' मंग ती उठली की पुसून टाके. रोजचं होतं ते आमचं."

"रोज एकच?"

"रोज एकच. दुसरं काय लिहाचं? आम्ही काय कवी होतो का?" आबा हसले आणि मग पाटीपाशी गेले. "तेच धूळ तिच्या छातीत बसली बापा. खोकत खोकत गेली. पाटी कोरी दिसली की मले बरं वाटते, अन् वाईटबी वाटते. आता लिहाव कशावर?"

निहिराला न पाहिलेल्या आजीची एकदम खूप आठवण आली. न पाहिलेल्या माणसाची आठवण कशी येते कोण जाणे, पण आली.

इतका वेळ तुळशीपाशी गप्प उभा असलेला हुंग्या तेवढ्यात बोलला. "पाटी स्वच्छ आहे. हवा स्वच्छ आहे असे पाटीने म्हटलेले नाही."

आबांनी वळून त्याच्याकडे पाहिलं. मग त्यांनी कपाळाला हात लावला. "हात् तेरी. मी जन्मभर प्रयोगशाळेत बसलो, अन् आज पाटीच्या भरवशावर बोलून राहिलो. कोऱ्या पाटीची वाट पाहून पाहून मी आंधळाच झालो रे पोट्ट्या. निहिरा, दोन लिंबं तोडून आण."

लिंबं कशाला, हे तिला कळेना, पण ती पळाली. आबांनी बागेच्या कडेला लावलेला एक राखाडी दगड उचलून आणला आणि खलबत्त्यात त्याचा बारीक भुगा केला. "हे चुनखडी. आपल्या खाणीतली. इथं चूल आहे का? कोळसा आहे का?"

"नाही."

"मंग पीळ लिंबू."

निहिरानं काचेच्या वाटीतल्या भुग्यावर लिंबू पिळलं. भुगा फसफसला आणि बारीक बारीक बुडबुडे वर येऊ लागले. हुंग्यानं वाटीत नाक घातलं.

"कार्बन डायऑक्साइड," तो म्हणाला.

निहिरा वाटीकडे बघतच राहिली. "म्हणजे वायू दगडातून निघतोय?"

"आता आलं ध्यानात. ऐक. फार जुनी गोष्ट आहे. या जागी समुद्र होता. इतका जुना की त्यात शंख-शिंपलेबी नव्हते. हवेतला कार्बन डायऑक्साइड त्या पाण्यात विरघळला. पाण्यात कॅल्शियम होतं (आपल्या हाडांत असते तेच). दोघांची जोडी जमली, त्यांचा गाळ झाला, गाळ तळाशी बसला अन् त्याचा दगड झाला. म्हणजे आपली टेकडी काय आहे? जुन्या हवेचं कोठार आहे. लिंबाच्या आंबटपणानं ते जोडी तुटते. भट्टीच्या आचेनंबी तुटते. वायू वर जाते अन् खाली उरते तो कळीचा चुना. तो असल्याशिवाय सिमेंट होतच नाही."

"मग आच कोळशाची असो नाही तर उन्हाची..."

"दगडाले काही फरक पडत नाही. भाजला की तो आपला वायू सोडनारच. पयले कोळशाचा वायू अन् दगडाचा वायू मिसळून चिमणीतून निघत होते, अन् त्यातबी दगडाचाच वाटा मोठा. आरशानं कोळशाचा गेला. दगडाचा राहिला."

"पण तो पाटीवर का बसत नाही?"

"धूळ म्हणजे घन कण. जड राहते, खाली बसते, गाळणीत अडकते. वायूचे कण इतके बारके की गाळणीतून आरामात निघून जातात. रंग नाही, वास नाही. आभाळात जाऊन तो पृथ्वीवर गोधडीसारखा पसरते अन् आतली ऊब बाहेर जाऊ देत नाही. थंडीत एक गोधडी बरी लागते. उन्हाळ्यात चार घातल्या तं जीव जाईन का नाही?"

निहिरानं हुंग्याच्या डोक्यावर हात ठेवला. त्याच्यावर आपणही मनातल्या मनात थोडा संशय घेतला होता, याची तिला लाज वाटली.

सोमवारी मेश्राम मॅडमच्या टेबलावर पेचकस तयारच होता. निहिरानं त्याच्या शेजारी वाटी, चुनखडीचा भुगा आणि लिंबू मांडलं. "मॅडम, खोलण्याआधी एकदाच हे बघता?" बुडबुडे आले, हुंग्या बोलला आणि शनिवारी हसलेली मुलं टेबलाभोवती गोळा झाली. मॅडमनी स्वतः दुसरं लिंबू पिळून बघितलं आणि मग पेचकस खणात ठेवून खण बंद केला.

"हुंग्याचं नाक शाबूत आहे, आपलंच चुकलं," त्या म्हणाल्या. "आता मला एक सांग, हा वायू पकडायचा कसा?"

निहिराला ते येत नव्हतं, म्हणून संध्याकाळी तिनं तोच प्रश्न आबांना विचारला. उत्तर देण्याऐवजी आबांनी कारखान्यातून आणलेला कळीचा चुना बादलीत टाकला, निहिराला लांब उभं केलं आणि वरून पाणी ओतलं. चुना खदखदला, वाफा निघाल्या. तो निवल्यावर आबांनी रबरी हातमोजे चढवले, कारण चुना हाताला खातो. मग भिंतीवरची पाटी उतरवून तिच्यावर त्यांनी चुन्याचा जाड लेप दिला.

"चुन्याले आपला सोडून गेलेला वायू परत पाहिजे राहते," ते म्हणाले. "वाळता वाळता तो हवेतून ओढून घेते, अन् पुन्हा दगड होते. जुन्या चुन्याच्या भिंती उगाच नाही टिकत. पण हे काम सावकाश चालते, अन् भट्टी सोडते तितका वायू भिंती काही लवकर परत घेत नाहीत. म्हणून तो भट्टीपाशीच धराव लागते. आता कोळशाचा धूर मधी नाही, म्हणून दगडाचा वायू जवळजवळ निव्वळ निघते. धराले सोपा. तो पाण्यात विरघळवून खोल काळ्या पाषाणात सोडला, तं तिथंबी त्याचा दगड होते. अन् काळा पाषाण आपल्या महाराष्ट्रात किती आहे, ते भूगोलाच्या मास्तरले विचार."

"हुंग्या ते मोजेल," निहिरा म्हणाली. "किती पकडला आणि किती निसटला, सगळं. मी त्याला तसं शिकवीन. पाटीला जे दिसलं नाही ते त्याला कळतं."

आबांनी मान हलवली, पण त्यांचं लक्ष पाटीकडे होतं. ओला पांढरा लेप मावळत्या उन्हात चमकत होता. त्यांनी बोट पुढे केलं आणि तसंच हवेत धरलं. निहिराला कळलं. तिनंही हातमोजा घातला आणि त्या ओल्या चुन्यात, जमेल तितक्या वळणदार अक्षरात लिहिलं, 'डबा घेतला?'

आबांनी खाली लिहिलं, 'घेतला.'

चुना खरंच वायू ओढतो का ते बघायला निहिरानं पाटीवर काचेची मोठी बरणी उपडी ठेवली आणि हुंग्याचं नाक तिच्या कडेतून आत सरकवलं. सकाळी उठल्या उठल्या ती अंगणात आली, तर आबा आधीच तिथे खुर्ची टाकून बसलेले.

"बरणीतला वायू कमी झाला आहे," हुंग्या म्हणाला. "अक्षरे दगड होत आहेत."

आबांनी रोजच्या सवयीनं पाटी पुसायला खांद्यावरचं फडकं हातात घेतलं. मग फडक्याकडे बघून ते हसले, त्याची घडी घातली आणि खिशात ठेवून दिली.

"आता हे कोनी पुसू शकत नाही," ते म्हणाले.