दुसऱ्या खांडीपलीकडे

उरणच्या मागच्या अंगाला खाडीत एक जुनी मीठचौकी आहे. छप्पर कधीच उडालं, चार भिंती तेवढ्या तिवरांतून डोकं वर काढून उभ्या आहेत. त्या चौकीपर्यंत बांधावरून सायकलनं जायचं आणि तसंच पुढे पलीकडच्या गावात उतरून गरमागरम मिसळ हाणायची, असा ऋत्विक, दिनानाथदादा आणि प्रणाली या तिघांचा बेत होता. आजवर सायकलनं तिथं कुणी गेलेलं नव्हतं. कशाला जायचं मरायला, असं गावातली माणसं विचारत, आणि प्रश्न काही चुकीचा नव्हता.

पण ऋत्विकला जायचंच होतं! कित्येक वर्षं त्यानं मनालीच्या बाजूला डोंगरात सायकल चालवली होती. बर्फ वितळून निसरड्या झालेल्या वाटा, देवदारांतून सरळ खाली कोसळणारी उतरण, दोन-चार शर्यतींतले पहिले नंबर. मग बायकोला, हेतलला, बंदरातल्या एका कंपनीत चांगली नोकरी लागली आणि दोघं बिऱ्हाड उचलून उरणला आले. सोबत त्याची निळी सायकल होतीच. "मला कधी एवढं जपलं नाहीस," असं हेतल तिच्याकडे बघून म्हणायची.

उरणनं त्याची पार जिरवली. इथं घाम यायचा, पण वाळायचा म्हणून नाही. साखळीला रात्रीतून गंज चढायचा, हातमोज्यांना बुरशी यायची, आणि चढ म्हणावा तर ट्रेलरांच्या रांगेतला उड्डाणपूल! सकाळी आठाला सायकल काढली तर नवाला तो घरी येऊन फरशीवर आडवा पडायचा. डोंगरातला गडी, आणि सपाटीवर धापा टाकतो! ही गोष्ट त्यानं हेतललासुद्धा धड सांगितली नव्हती.

इथल्या रविवारच्या सायकल-मंडळींत मात्र त्याचा भाव वधारलेला होता. त्यातले दिनानाथदादा म्हणजे बंदरात क्रेन चालवणारा पन्नाशीचा माणूस. आवाज भारदस्त, मिशी त्याहून भारदस्त. "आपल्यात आता मनालीवाला हाय," असं ते येईल त्याला ऐकवायचे. दुसरी प्रणाली. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची आणि शाळेतल्यासारखंच सगळ्यांना सरळ करायची. या मंडळींची एक रीत होती. नवीन वाटेवर आधी एकानं पाहणी करून यायचं. तो जे सांगेल त्यावर बाकीच्यांनी निघायचं. पुन्हा कुणी विचारायचं नाही, शंका काढायची नाही. मीठचौकीच्या पाहणीला कोण जाणार, हे विचारायचीही गरज पडली नाही. मनालीवाला असताना दुसरा कोण?

आणि हा पठ्ठ्या गेला कधी, तर भर दुपारी! डोंगरातली सवय. तिकडे सकाळी वाटेवर बर्फ असतं, ऊन वर आल्यावरच निघायचं असतं. एप्रिल महिन्यातलं खाडीवरचं ऊन म्हणजे काय चीज आहे, हे त्याला ठाऊक नव्हतं. बांध फुटून पडलेली पहिली खांड त्यानं सायकल खांद्यावर घेऊन ओलांडली. दुसऱ्या खांडीशी पोचेपर्यंत त्याचा घाम यायचा थांबला होता, डोकं ठणकत होतं आणि त्या रखरखाटात त्याला चक्क थंडी वाजत होती. विलायती बाभळीच्या फाटक्या सावलीत तो बसला आणि भडाभडा ओकला. खांडीपलीकडे बांध तिवरांत वळत होता. वळणापुढे काय आहे ते दिसत नव्हतं. तो तिथूनच मागे फिरला, कसाबसा घरी आला आणि हेतलला म्हणाला, "काही नाही गं, जरा पोट बिघडलंय."

संध्याकाळी दादांनी चहाच्या टपरीवर विचारलं, "काय म्हणतोय बांध?"

सांगायचं होतं त्याला. खरंच सांगायचं होतं! पण समोर दादा मोठ्या कौतुकानं बघत होते, प्रणालीनं चहाचा ग्लास खाली ठेवला होता, आणि मनालीवाल्याला ऊन लागलं हे शब्द काही केल्या तोंडातून बाहेर पडेनात. "दोन खांडी आहेत," तो म्हणाला. "ओहोटीला आरामात ओलांडता येतात. पुढे चौकीपर्यंत बांध ठणठणीत आहे."

"शाब्बास रं वाघा!" दादांनी पाठीत अशी थाप मारली की चहा सांडला.

त्या आठवड्यात ऋत्विकनं दोनदा फोन हातात घेतला आणि दोनदा खाली ठेवला. दोन खांडी सोडल्या तर अलीकडचा सगळा बांध धड आहे, मग पुढचाही असणारच, असं त्यानं स्वतःला पटवलं.

रविवारी फटफटताना तिघं निघाले. अमावास्या होती, उधाणाची भरती येणार होती. पण भर ओहोटीत खांडी ओलांडायच्या आणि पाणी चढायच्या आत पलीकडे पोचायचं, असा दादांचा हिशेब होता. सुरुवात झकास झाली. खाडीवर गारवा होता, मिठागरांच्या पाण्यात आभाळ उतरलं होतं, बगळे शांतपणे चिखलात उभे होते. प्रणाली पुढे, तिच्यामागे दादा आणि शेवटी ऋत्विक. टायरांखाली मातीचा सुका पोपडा कुरकुर फुटत होता आणि थोडा वेळ त्याला सगळ्याचा विसरही पडला.

मग फट! प्रणालीचं चाक बसलं. बाभळीचा काटा! ट्यूब बदलली. दहा पावलं गेले नाहीत तोवर दादांचं मागचं चाक! पुन्हा पंप, पुन्हा ठिगळ. तेवढ्यात ऋत्विकचंही पुढचं! सूर्य वर आला, वारा पडला, तिघांचे कपडे अंगाला चिकटले. पहिली खांड ओलांडली तेव्हाच उशीर झालेला होता, आणि दुसरीशी पोचले तेव्हा ओहोटी संपून पाणी हळूच आत सरकायला लागलं होतं.

"पटकन पार व्हायचं!" दादा ओरडले.

प्रणाली चिखलात उतरली. एक पाऊल. दुसरं. तिसऱ्या पावलाला ती मांडीपर्यंत आत गेली! "दादा!" ती किंचाळली. हलली की आणखी खचत होती. ऋत्विकनं आपली सायकल चिखलावर आडवी टाकली, तिच्यावर पालथा पडला आणि प्रणालीचे दोन्ही हात धरले. मागून दादांनी त्याचे पाय ओढले. ओढ! आणखी ओढ! चिखलानं एक बूट ठेवून घेतला आणि प्रणालीला सोडलं. त्याच झटक्यात दादांचा गुडघा पिरगळला. मग सायकली चिखलावर आडव्या टाकत, त्यांच्यावरून रांगत, त्या फरपटत तिघं कसेबसे पलीकडे चढले आणि बांधावर पडून राहिले.

मागे खांडीत पाणी आता वाहताना दिसत होतं.

दादा गुडघा धरून बसले होते. चेहरा पांढरा पडला होता. "आता मागं न्हाय फिरायचं," ते म्हणाले. "खांड भरत चाललीय. पुढं बांध ठणठणीत हाय, भरती येऊ दे किती यायची ती. आपण वरनं जाऊ. काय रं ऋत्विक, हाय ना?"

"हो," ऋत्विक म्हणाला.

किती सहज म्हणाला! कुणी विचारलं असतं तर तो शब्द आपल्या तोंडून कसा निघाला हे त्यालाच सांगता आलं नसतं. तिघं उठले. दादा सायकलचा आधार घेऊन लंगडत चालले. बांध हळूहळू खाली उतरतोय, हे ऋत्विकला दिसत होतं. वरचं गवत ओलं होतं. खेकड्यांची बिळं अगदी माथ्यापर्यंत आली होती. म्हणजे उधाणाचं पाणी इथं वर चढत होतं! तरीही तो चालत राहिला. कदाचित पुढे बांध उंच असेल. कदाचित काही होणार नाही.

"इथून चालवता येईल!" प्रणाली पुढून हसून म्हणाली. एका पायात बूट, एक पाय उघडा, गळ्यापर्यंत चिखल, आणि बाई सायकलवर चढली! "मी पुढे होते. ऋत्विक, वळणानंतर डावीकडे ना?"

त्याच्या शब्दावर ती निघाली होती. नुसत्या त्याच्या शब्दावर.

"थांब!" तो ओरडला. "प्रणाली, थांब! मी इथवर आलोच नव्हतो!"

ती थांबली. दादांनी मान वळवली. तिवरांतून पाणी चढत होतं.

"कुठवर आला व्हतास?" दादांनी विचारलं.

"दुसऱ्या खांडीपर्यंत. ऊन लागलं मला. ओकलो आणि परत गेलो."

"आन् आमाला सांगितलंस की..."

"खोटं सांगितलं."

"मग पुढे काय आहे?" प्रणालीचा आवाज शाळेतला नव्हता, अगदी बारीक होता.

"मला माहीत नाही."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं. दादांनी शिवी द्यावी, कानाखाली वाजवावी, काहीतरी करावं, असं ऋत्विकला मनापासून वाटत होतं. पण दादांनी फक्त सायकल वळवली. "जे ठाऊक हाय तिकडं चला," ते म्हणाले. "बिगी बिगी!"

खांड आता ओळखू येत नव्हती. मघाचा चिखल गडप झाला होता आणि खाडीचं गढूळ पाणी जोरात आत घुसत होतं. प्रणालीला पोहता येत होतं. दादांनाही येत होतं, पण एका पायानं त्या ओढीत कोण पोहणार?

ऋत्विकनं विचार केला नाही. त्यानं निळी सायकल उलटी केली, दोन्ही चाकं काढली, टायर उचकटून ट्यूबा बाहेर ओढल्या. पिशवीतली शेवटची ट्यूब घेतली. पंप! पंप! टायरची पकड नसल्यानं ट्यूबा टम्म फुगल्या. त्या त्यानं पीळ देऊन दादांच्या काखेखालून छातीभोवती बांधल्या. दादांच्या सामानातल्या दोराचं एक टोक एका तिवराच्या बुंध्याला पक्कं बांधलं, दुसरं स्वतःच्या कमरेला, आणि पाण्यात उडी घेतली!

ओढीनं त्याला बाजूला फेकलं. नाकातोंडात खारट पाणी गेलं. पाय खाली टेकवायचा नाही, टेकवला की संपलं! हात मार! तो तिरका, वाहत वाहत, पलीकडच्या दगडांवर आदळला. तिथं जुन्या उघाडीचा, पाणी सोडायच्या दाराचा, एक दगडी खांब शिल्लक होता. दोर त्याला गुंडाळला. "या!" तो ओरडला.

आधी प्रणाली आली, दोर धरून, दात आवळून. मग दादा उतरले. मध्यावर त्यांचे हात सुटले! ट्यूबांनी त्यांना वर धरलं, पाणी त्यांना आत ओढायला लागलं, दोराला फक्त एका कोपराची मिठी उरली. ऋत्विक पुन्हा पाण्यात शिरला. त्यानं दादांच्या छातीवरच्या ट्यूबांत हात घातला आणि दोघं मिळून दोराच्या आधारानं काठाला लागले. प्रणालीनं दादांची कॉलर धरून त्यांना वर ओढलं. तिघं बांधावर पडले, खोकत, थुंकत, जिवंत.

पहिली खांड त्यांनी दगडांवरून कमरेएवढ्या पाण्यातून पार केली. पुढच्या उंचवट्यावर पोचल्यावर प्रणाली मागे वळून बघत उभी राहिली. ऋत्विकनंही पाहिलं. वळणापुढचा बांध आता इथून दिसायला हवा होता. तिथं तिवरांचे शेंडे होते आणि त्यांच्यापुढे चौकीच्या भिंतींपर्यंत नुसतं पाणी होतं. बांध केव्हाच वाहून गेला होता.

दादांनी पाठीवरच्या पिशवीतली बाटली काढली. तिच्यात घोटभरच पाणी होतं. ती त्यांनी आधी ऋत्विकपुढे धरली. त्याला ती घेववेना, आणि नको म्हणायलाही तोंड नव्हतं. त्यानं ओठ ओले केले आणि बाटली खाली मान घालून परत दिली.

घरी हेतलनं विचारलं, "सायकल कुठंय?" तेव्हा त्यानं सगळं सांगितलं, पोट बिघडल्याच्या थापेपासून सगळं. तिन्ही सायकली खाडीनं घेतल्या होत्या, पण आपली गेल्याचं दुःख करायचीही त्याला लाज वाटत होती.

पुढचे काही रविवार तो गेला नाही. मग दादांचाच फोन आला. "गुडघा बरा झाला. रविवारी ये. पोराची जुनी सायकल हाय, ती घे." एवढंच बोलून त्यांनी फोन ठेवला.

तो गेला. सगळ्यांच्या मागे, टपरीच्या खांबाला टेकून उभा राहिला. या वेळी जवळच्या टेकडीच्या पायथ्याच्या वाटेनं जायचं होतं, आणि पाहणी प्रणालीनं केली होती.

"काय म्हणतेय वाट?" दादांनी विचारलं, अगदी नेहमीसारखं.

"मी आंब्याच्या झाडापर्यंतच गेले," प्रणाली म्हणाली. "पुढे ऊन सोसेना. चक्कर आली, म्हणून परत फिरले. पुढचं मला माहीत नाही."

ऋत्विक एकेकाच्या चेहऱ्याकडे बघायला लागला. कुणी हसलं नाही. कुणी भुवई उचलली नाही. दादांनी चहा संपवला, मिशी पुसली आणि म्हणाले, "बरं. मग आंब्यापर्यंत जाऊ."

एवढंच! सगळे उठले, हेल्मेटचे पट्टे आवळायला लागले, आणि ऋत्विकचे कान तापून लाल झाले. एवढंच तर बोलायचं होतं त्याला, याच टपरीवर, याच माणसांपुढे. तो त्या जुन्या, बुटक्या सायकलवर बसला आणि सगळ्यांच्या मागून निघाला.