सात नंबरची डावी बाजू

विश्वास ठेवायचा तर ठेवा. त्या जखमा मी माझ्या हातांनी धुतल्या आहेत.

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. भर दुपारची. माझा मावसभाऊ, आमचा दादा, जंगलाच्या कडेला एका खोलीत बसून वाघांचे फोटो जुळवायचा. फोटो झाडांना बांधलेल्या कॅमेऱ्यांतून यायचे. पट्टे बघून दादा वाघ ओळखायचा.

एका वाघिणीने लाकडं वेचणाऱ्या बाईला फाडलं. कॅमेऱ्यात त्या वाघिणीची फक्त उजवी बाजू आली होती. दादाचा संशय सात नंबरवर. पण फाइलमध्ये सात नंबरची फक्त डावी बाजू होती.

वरून फोनवर फोन. दादाने डावीचा फोटो संगणकावर उलटा फिरवला, उजवीशेजारी ठेवला आणि जुळतंय असं ठरवून टाकलं.

वाघाची एक बाजू दुसरीसारखी कधीच नसते. हे त्याला तोंडपाठ होतं! पण घाईपुढे शहाणपण चालत नाही.

"नक्की ना, दादा?" वनरक्षकाने विचारलं. "गोळी काही परत घेता येत नाही."

"डोळे झाकून सांगतो. तीच!"

सात नंबरला तीन गोळ्या लागल्या. जबडा फुटला, तरी तासभर घरघरत होती. मग तिला जाळलं.

नवव्या दिवशी दुसरी बाई मेली. मान तुटलेली.

दादाला कळून चुकलं. निरपराध वाघीण गेली होती, आणि खरी मोकळी होती.

त्याच दुपारी कॅमेऱ्याचा फोटो आला...

डावी बाजू. सात नंबर. जबडा लोंबत होता.

तारीख आजची.

दुसरा फोटो ओढ्याजवळचा. तिसरा फाटकाजवळचा. चौथा... खोलीच्या दाराबाहेरचा.

दादाने धावत जाऊन कडी घातली. पाखरं गप्प झाली. डोक्यावर पंखा फिरत होता, पण आवाज येईना...

मग घरघर.

टेबलाखालून.

किंकाळी ऐकून वनरक्षकाने दार तोडलं. कडी आतून होती. खिडकीला गज होते. रक्त पंख्याच्या पात्यांपर्यंत उडालं होतं. दादाची डावी कूस बरगड्यांपर्यंत उघडी पडली होती.

पट्टी बदलताना मी सात नंबरचा फोटो शेजारी धरला. अकरा पट्टे, अकरा जखमा. एक पट्टा मध्येच दुभंगलेला... जखमही तिथेच दुभंगलेली.

"उलटा फिरवून बघू नकोस," दादा पुटपुटला.

फाइलमध्ये सात नंबरच्या उजव्या बाजूची चौकट अजून रिकामी आहे.

दादा आता उजवी कूस भिंतीला घट्ट चिकटवून झोपतो. मी त्याला धीर देतो, पण भीती मलाच वाटते.

ती भिंत जेमतेम अर्ध्या विटेची आहे.