शीतगणक तापला

“शर्वरी, तुमची चिप तापलीय!” डॉ. फैयाज मुकादमांचा फोन आला आणि शर्वरी गोडांबे प्रयोगशाळेतून धावतच शेजारच्या अतिदक्षता विभागात पोहोचली.

कबड्डीचे प्रशिक्षक बजरंग खराडे अपघातानंतर कित्येक महिने निश्चल पडून होते. त्यांच्या कवटीखाली शर्वरीने घडवलेला, तांदळाच्या दाण्याएवढा ‘शीतगणक’ बसवला होता. मेंदूतले संकेत टिपणारी ही चिप स्वतः न तापता, निव्वळ शरीराच्या उबेवर चाले. ती स्वतःच तापू लागली, तर शर्वरीची सगळी मेहनत पाण्यात.

“बिघडली ना?” डॉक्टरांनी विचारलं.

शर्वरी पडद्यावरच्या तापमानाच्या रेघेकडे बघत राहिली. “डॉक्टर, हिला आकडेमोड करायला जवळपास ऊर्जाच लागत नाही. लागते ती आधी साठवलेलं पुसायला. म्हणून पुढचा संकेत कोणता येणार, याचा अंदाज ती आधीच बांधून ठेवते. अंदाज जुळला, तर पुसायचं काहीच नाही. चुकला, तर तो पुसावा लागतो आणि ती तापते.”

“म्हणजे इतके महिने अंदाज जुळत होते...”

“आणि आज चुकले! मेंदू काहीतरी नवं करतोय!”

बजरंगरावांच्या पत्नी सुमनताई पलंगाचा कठडा धरून उभ्या होत्या. शर्वरी त्यांच्याकडे वळली. “काकू, सरांना चढाई करायला सांगा. मनातल्या मनात.”

सुमनताई नवऱ्याच्या कानाशी वाकल्या. “अहो, ऐकताय न्हवं? चढाईला जावा बघू.”

रेघ सरसर वर गेली. “थांबा आता,” म्हणताच उतरली. डॉक्टरांनी चक्क टाळी वाजवली. दुसऱ्या खेपेला ती जरा कमी चढली. तिसऱ्या खेपेला जेमतेम हलली, आणि मग हललीच नाही.

“गेले का हो परत?” सुमनताईंचा आवाज चिरकला.

शर्वरीने रेघेचे मघाचे उतरते चढ पुन्हा एकदा न्याहाळले.

“नाही काकू! चिपला त्यांची चढाई पाठ झालीय. आता त्यांनी कितीही चढाया केल्या, तरी तिचा अंदाज चुकायचा नाही.”

“मग काय सांगू त्यांना?”

“काहीच नका सांगू. त्यांच्या मनाला येईल ते करू द्या.”

सुमनताईंनी नवऱ्याच्या कपाळावर हात ठेवला. “तुमच्या मनाला येईल ते करा. आम्ही कुणी काय सांगणार न्हाई.”

रेघ तशीच आडवी राहिली. मग उसळली, मघापेक्षाही उंच, आणि खाली यायचं नावच घेईना.

“काय करतायत ते?” डॉक्टर ओरडले.

“ठाऊक नाही!” शर्वरी हसत, डोळे पुसत म्हणाली. “चिपलाही ठाऊक नाही!”