बेटावरची पंगत

भुताच्या गोष्टींना मी स्वतःच हसायचे. तुम्ही हसलात तर मला राग येणार नाही. पण यातला एक शब्दही मी पदरचा घातलेला नाही.

मी पंचशीला, नांदेडला नोकरी करते.

मागच्या मे महिन्यातला रविवार. भर दुपार. मुखेडच्या पुढे एक तलाव आहे. तो बांधला तेव्हा तिथलं गाव उठवलं होतं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की गावाचा उंचवटा वर येतो आणि मधोमध बेट तयार होतं. पडक्या भिंती, घरांचे ओटे, एक वाळलेला लिंब.

ऑफिसातल्या सुदर्शनला नवा कॅमेरा मिरवायचा होता. म्हणून तो, मी आणि माझी रूममेट शिवकन्या निघालो. शिवकन्या चाकूरची. बोलायला बिनधास्त आणि खाऊ घालायला त्याहून. एसटीत डबा उघडला तरी मागच्या-पुढच्या सीटला 'या जेवायला' म्हटल्याशिवाय ती घास घेत नसे.

काठावरच्या गुंडप्पा मामांनी त्यांच्या मासेमारीच्या होडीतून आम्हाला बेटावर सोडलं. उतरवताना एवढंच म्हणाले, "जेवा, फोटू काढा. पन हितं कुनाला या म्हनू नका."

इथं बोलवायला आहे तरी कोण, असं शिवकन्या म्हणाली. मामा हसले नाहीत. ऊन कलल्यावर न्यायला येतो म्हणून ते वल्हं मारत निघून गेले.

फोटो भरपूर झाले. सुदर्शनने आम्हाला प्रत्येक ओट्यावर उभं केलं. लग्नाचा फोटोग्राफरसुद्धा एवढा छळत नाही, असं मी त्याला सुनावलं.

एकच गोष्ट खटकत होती...

तिथे पाखरं नव्हती. एवढं पाणी, आणि एक बगळासुद्धा नाही.

भिंतीच्या सावलीत डबा उघडला. ज्वारीच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदा. सुदर्शनने कॅमेरा समोरच्या दगडावर ठेवला, आपोआप फोटो निघत राहतील असा, आणि येऊन बसला. तिघं अगदी गुडघ्याला गुडघा लावून.

शिवकन्या समोर बघत सवयीने म्हणाली, "या बाबा, जेवायला."

मी वर पाहिलं. समोर कुणीच नव्हतं.

कोण बाबा, असं मी विचारलं. ते काय ओट्यावर बसलेत, असं ती म्हणाली.

ओटा रिकामा होता...

आणि मग आवाज आला.

ओलं धोतर पायात अडकत कुणी चालावं तसा. सपक... सपक... कोरड्या मातीवर.

आधी एकाचा. मग त्याच्या मागून आणखी. मग पुष्कळ.

आमच्याजवळ येऊन तो थांबला.

शिवकन्या बाजूला सरकली. आम्हालाही सरका म्हणाली; आम्ही उलट तिला आणखीच खेटलो. मग भाकरीचे तुकडे करून समोरच्या सपाट दगडांवर ठेवत गेली. प्रत्येकावर थोडी चटणी. घरचं कार्य असल्यासारखा तिचा चेहरा फुलला होता.

चेष्टा पुरे म्हणून मी तिचा हात धरला. त्या उन्हातही हात बर्फासारखा गार होता.



भाकरी संपल्या. तिने स्वतः एक घासही घेतला नव्हता. तेवढ्यात बेटाच्या काठाकडून मामांची हाक आली. मी तिला उठ म्हणाले. ती जागची हलली नाही.

"पाहुणे जेवायलेत ना. पंगत उठल्याबिगर आपण कसं उठायचं?"

मी इतकी घाबरले होते की काही सुचेना. तिच्या काखेत हात घालून मी तिला ओढून उठवलं.

त्या क्षणी मागे सगळं थांबलं.

घास चावल्याचा बारीक आवाज चालू होता... तो थांबल्यावरच मला कळलं.

मामा होडीतून खाली उतरलेच नाहीत. शिवकन्येचं तोंड पाहून त्यांनी मला काय झालं ते विचारलं. मी सगळं सांगितलं.

"बोलावलं तर पंगत उठू द्यायची व्हती, बाई," ते हळूच म्हणाले. "अर्ध्या जेवनावरून उठवलं त्यांना तुमी."

आम्ही होडीत बसताच त्यांनी वल्हं मारायला घेतलं.

सुदर्शनने होडीतच फोटो पाहिले आणि कॅमेरा माझ्या हातात दिला. आम्ही खेटून बसलो होतो ना? फोटोत तिघं लांब लांब होतो. मध्ये जागा... एकेक माणूस मावेल एवढी.

त्या दिवसापासून शिवकन्येचं जेवण सुटलं.

ताटासमोर बसायची आणि म्हणायची, आधी पाहुण्यांचं होऊ दे. तिची आई केवळाबाई तिला गावी घेऊन गेल्या. मग लातूरच्या दवाखान्यात सलाईन. तपासण्यांत काही सापडेना. मी भेटायला गेले तेव्हा तिची नुसती हाडं उरली होती. मी रडत रडत एक घास तिच्या तोंडाशी नेला. तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

"भूक मलाबी लागलीय गं. पण ते उपाशी असताना मी कशी खाऊ?"

ती वाचत नाही, असंच मला तेव्हा वाटलं.

काल केवळाबाईंचा फोन आला. आनंदाने त्यांना बोलता येईना. लेकीने आपणहून भाकरी मागितली, पोटभर जेवली. ऐकून मलाही रडू फुटलं.

मग न राहवून मी विचारलं, आणि ते पाहुणे?

त्यांनी आवाज खाली आणला.

"ती म्हणती, पाहुणे आता पंचशीलाकडं गेलेत. तिनंच उठवलं, आता तीच वाढंल."

मी कुणालाही बोलावलेलं नाही. दार आतून लावलेलं आहे. सकाळी वाढून घेतलेलं ताट समोर तसंच पडून आहे.

भूक खूप लागली आहे...

पण माझ्या आधी कुणीतरी जेवायचं राहिलंय, असं सारखं वाटतंय.