गाडीवरचा बर्फ

वाचनालयात पुस्तक वाचता वाचता माझ्या डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा समोरच्या खुर्चीवरून आवाज आला, "कितवं पान?"

मान वर केली. आमच्याच एम.ए.च्या वर्गातला तो उंच, चष्मेवाला मुलगा. कधी बोललो नव्हतो.

"तुम्हाला काय करायचंय?"

"मलाही तेच वाचायचंय. रुमाल आणायचा का, ते ठरवतो."

पुस्तक एका आजच्या कॅनेडियन लेखिकेचं. अर्ध्यात लघुकथा, अर्ध्यात कविता. चर्चासत्रासाठी मॅडमनी कथा मला दिल्या होत्या, कविता त्याला. वर्गात त्याला जिराफ म्हणत. आठवड्याभरात मीही म्हणायला लागले.

आमचं अडलं एका कथेवर. नवरा-बायको एकमेकांशी बोलत नाहीत. पण रात्री बर्फ पडला की सकाळी बायको आधी उठून त्याच्या गाडीवरचा बर्फ झाडते.

"हे प्रेम आहे," मी म्हणाले.

"छे! तो लवकर जावा म्हणून झाडते."

"तुला बायका कळत नाहीत."

"मग शिकव ना..."

मी उगाच पेनाचं टोपण शोधू लागले. ते पेनालाच होतं.

"कवितांमध्ये तर ही लेखिका सगळं बोलून टाकते," तो म्हणाला. "मग कथेतली बाई गप्प का?"

"कथेत समोर माणूस आहे. कवितेत कोण आहे ऐकायला?"

त्याने ते वहीत उतरवून घेतलं. "हे मी माझं म्हणून वाचणार हं."

"खुशाल चोर!"

चर्चासत्र छान झालं. मग एम.ए. संपलं आणि लांबच्या एका कॉलेजात शिकवायची जागा निघाली. त्याचा अर्ज मी तपासला, मुलाखतीची तयारी करून घेतली, शर्टसुद्धा मीच निवडला. घरी ताईला हे सगळं हौसेनं सांगत होते.

ती म्हणाली, "त्याला घालवायची एवढी घाई का गं तुला?"

माझा घास हातातच राहिला.

त्याला नोकरी लागली. निघायच्या आदल्या दिवशी तो विभागाच्या जिन्यात भेटला.

"थांब म्हणत नाही," मी म्हणाले. "नोकरी चांगली आहे, सोडू नकोस. पण... तू मला आवडतोस. खूप. हे सांगायचं राहून जायला नको."

त्याने पिशवी खाली ठेवली. कान लालबुंद.

"मी किती दिवस वाट बघत होतो..."

"मग बोलला का नाहीस?"

"माझ्या अर्जातल्या चुका तू इतक्या मन लावून काढत होतीस — वाटलं, तुला मी नकोच आहे."

"वेडा आहेस."

"आहेच," तो म्हणाला, आणि माझा हात हातात घेतला. वरून मॅडम उतरत होत्या, तरी सोडला नाही.

तो गेला. पहिल्याच सुट्टीत आला तो थेट आमच्या घरी. ताईने दार उघडलं, मान उंचावून त्याला नीट न्याहाळलं आणि आत वळून म्हणाली, "आई, चहा वाढव गं. हा काही आता लवकर जात नाही."