डिकीचा निळा

जुन्या गाडीला रंग जुळवणं म्हणजे दुसरीच्या हातची चव आपल्या भाजीत आणणं, असं पेंटरमामा नेहमी म्हणायचे. डब्यावरचा नंबर तोच असतो. पण गाडीनं इतकी वर्षं किती ऊन खाल्लंय, ते डब्याला कुठून कळणार? म्हणून मामा आधी पेट्रोलचं झाकण उघडून आतला न विटलेला रंग बघत, मग बाहेरचा, आणि थेंबाथेंबानं मधला गाठत. पत्र्याच्या तुकड्यावर तो मारून उन्हात गाडीवर धरत. तुकड्याची कड दिसेनाशी झाली की रंग जुळला.

या खेपेला गाडी लेकीची होती. निळी, चार हातांतून फिरून आलेली, पण तिनं हौसेनं घेतलेली. नोकरी परगावी लागली होती आणि सोमवारी तिला हजर व्हायचं होतं. डिकीच्या झाकणावर रंगाला तडे गेले होते, तेवढंच काम. पोरगी एकटी लांब जाणार म्हणून मामांच्या जिवाला आधीच घोर होता.

त्यात डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू नुकताच काढलेला. नव्या डोळ्याला सगळं निळसर, धुतल्यासारखं दिसे, जुन्याला पिवळट.

"दोन डोळ्यांचं आधी एकमत होऊ द्या, मग रंगाला हात लावा," बायको म्हणाली.

ऐकतील ते मामा कसले! उभी हयात ज्या डोळ्यानं रंग ओळखले तो उजवा. त्यांनी चष्म्याच्या डाव्या काचेवर मास्किंग टेप चिकटवली आणि कामाला लागले.

रंग खरवडला तर खाली लांबी निघाली. लांबी म्हणजे पत्र्याचे खड्डे बुजवायचा लगदा. पण इथं खड्डा नव्हताच. शेजारचा डेंटर, ज्याला सगळे ठोक्या म्हणत, पत्र्यावरून बोटं फिरवत राहिला.

"मामा, पत्रा आतून बाहेर आलाय. ते लपवायला भोवती लांबी थापलीय."

"सामान आदळलं असेल."

"असेल... पण एकाच जागी? इतक्या वेळा?"

ठोक्यानं पत्रा बसवून दिला. एरवी त्याच्या तोंडाला खळ नसते. त्या दिवशी पैसेही न मागता निघून गेला.

रंग मात्र झकास जुळला. दुसऱ्या दिवशी पॉलिश करताना मामांनी टेप काढली आणि त्यांचा हात थबकला. डिकीच्या मधोमध एक डाग होता, किंचित फिका. पसरलेल्या पंजाएवढा. डावा डोळा मिटला की दिसेना. उघडला की पुन्हा तिथंच.

आपलाच डोळा गंडला, म्हणत त्यांनी पुन्हा रंग मारला. डिकी स्वच्छ झाली. दुपारी तोच पंजा मागच्या दारावर होता. तिथं रंग मारला, तर संध्याकाळी पुढच्या दारावर, काचेखाली. बोटं हँडलकडे वळलेली. गॅरेजमध्ये थिनरचा उग्र वास भरला होता, तरी मधूनच कोंडलेल्या, घामेजलेल्या कपड्यांसारखा वास येत होता.

त्यांनी ठोक्याला ओढून आणलं. "इथं काय दिसतंय?"

"निळा रंग दिसतोय. मामा, डोळा दाखवून घ्या."

डोळा गेला असेल तर धंदा बुडेल, ते एक वेळ सोसता येईल. पण डोळा खरं सांगत असेल तर? ह्या गाडीत आपली पोर बसणार होती.

रविवारी त्यांनी ते दार पार पत्र्यापर्यंत घासलं आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून रंगवलं. मग टप, बॉनेट, चारही दारं, डिकी, एकेका डोळ्यानं तपासली. कुठंच काही नव्हतं. मामा स्टुलावर टेकले आणि पहिल्यांदाच मोकळा श्वास घेतला.

ऊन उतरायच्या आत लेक आली. गाडीभोवती फिरून खूश झाली.

"बाबा, कळतसुद्धा नाही कुठं रंगवलंय ते." ती आत बसली आणि काच खाली करून स्टिअरिंगवर हात फिरवू लागली.

"एक दिवस थांबतेस का? रंग नीट वाळू दे..."

"उद्या हजर व्हायचंय, बाबा."

मामा काचेजवळ वाकले. त्यांना तिच्या मानेवर काहीतरी दिसलं होतं. कानाखालून गळ्यापर्यंत कातडी किंचित फिकी होती, जुळता जुळता राहून गेलेल्या रंगासारखी. त्यांनी डावा डोळा मिटला. लेकीची नेहमीची सावळी मान. उघडला. पाच बोटं.

"अगं... खाली उतर."

लेकीनं खांदा आक्रसला आणि समोर बघतच हसली. "बाबा, हात काढा ना मानेवरचा. किती गार आहे."

मामांच्या एका हातात फडकं होतं. दुसऱ्यात गाडीची किल्ली.