वाटाण्याचं वजन

दवाखान्याचं दार तिनं लाथेनं उघडलं. दुसरा उपायच नव्हता, कारण दोन्ही हातांत वाटाणा होता.

वाटाणा म्हणजे कुत्र्याचं पिल्लू. पण पंजे असे, जणू थोरल्या भावाचे उसने आणून घातलेत. सगळ्या भावंडांत तो सर्वांत लहान, कोपऱ्यात गोल होऊन पडलेला, म्हणून तिनं हौसेनं नाव ठेवलं वाटाणा. त्याची जात मात्र अशी, की पुरता वाढला की मागच्या पायांवर उभा राहून माणसाच्या खांद्यावर हनुवटी टेकवेल. हे तिला नंतर कळलं. आधी कळलं असतं तरी तिनं आणलाच असता, ती गोष्ट वेगळी. घरात तिला उगाच ठिणगी म्हणत नव्हते.

आत एक उंच, विस्कटलेल्या केसांचा तरुण फरशी पुसत होता.

"अहो, डॉक्टरांना जरा बोलवता का? हा पुढच्या पायानं लंगडतोय. आणि ही फरशी किती घसरडी आहे! लंगडत आलेला इथून पाय मोडूनच परत जाईल."

"दोन मिनिटं थांबा. डॉक्टर फरशी पुसतायत."

"मग त्यांची पुसून झाली की..." ती थांबली. त्यानं फडकं पिळलं, साबणानं हात धुतले आणि खुंटीवरचा पांढरा कोट अंगात चढवला. कोटाचं मधलं बटण गायब होतं. ठिणगी नाटकांचे पोशाख शिवायची, त्यामुळे लाजेनं कान तापलेले असतानाही तिला आधी ते बटणच दिसलं.

त्यानं वाटाण्याचा पाय हळूच वाकवला, सरळ केला, पुन्हा वाकवला. हात मोठे होते, पण किती बेतानं फिरत होते...

"खायला काय देता?"

"दूध, अंडी, आणि कॅल्शियमच्या गोळ्या, दोन्ही वेळा," ती अभिमानानं म्हणाली. "एवढा मोठा व्हायचाय, हाडं भक्कम नकोत?"

"गोळ्या कुणी सांगितल्या?"

"सगळेच सांगतात."

"मग सगळ्यांना माझ्याकडे पाठवा." त्यानं मान वर केली. "याला मोठं व्हायची मुळातच घाई आहे. तुम्ही त्याला मागून ढकलताय. गोळ्या आजपासून बंद. मोठ्या जातीच्या पिल्लांचं वेगळं खाणं मिळतं, ते मोजून द्यायचं. उड्या बंद. आणि जिना बंद."

"जिना बंद म्हणजे?"

"चढायचा नाही, उतरायचा नाही. सांधे पक्के होईपर्यंत."

"मी तिसऱ्या मजल्यावर राहते. लिफ्ट नाही."

"मग उचला."

"आणि तो मोठा झाला की कसा उचलू?"

डॉक्टरनं वाटाण्याला उचलून तिच्या हातांत दिलं. मग म्हणाला, "शनिवारी संध्याकाळी इथे मोठ्या जातीच्या पिल्लांचा तास असतो. सगळे मालक येतात, प्रश्न विचारतात. तिथे विचारा."

"मी आत्ता विचारलाय."

"आत्ता मला उत्तर येत नाही," तो सरळ म्हणाला.

ती तणतणत बाहेर पडली. स्वतःच्या हातानं पिल्लाचं वाईट केलं, हे तिच्या जिव्हारी लागलं होतं. पण चिडायला माणूस हवा होता, आणि तो तर 'उत्तर येत नाही' म्हणून मोकळा झाला होता. असल्या माणसावर नीट चिडताही येत नाही.

घरी दादा वाटच बघत होता. कुत्रा त्याला पहिल्यापासून नको होता. जिना बंद झाल्याचं ऐकून तो चक्क खूश झाला.

"ठीक आहे. तू एकटीनं उचलून वर आणशील तोवर तो या घरात राहील. ज्या दिवशी उचलवणार नाही, त्या दिवशी गोदामवाल्याकडे जाईल. त्याला राखणीला मोठा कुत्रा हवाच आहे."

गोदामवाल्याचे कुत्रे ठिणगीनं पाहिले होते. सगळे लोखंडी साखळीला, पावसापाण्यात, उघड्यावर.

"मंजूर," ती म्हणाली. वहिनीनं कपाळाला हात लावला.

तळमजल्यावरच्या मावशी जिन्यात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "अगं, माझी पुढची खोली रिकामी पडलीये. तुझं मशीन आण, हा राक्षस आण, काय भाडं द्यायचं ते दे." दादाच्या कानावर ते गेलंच. "खुशाल जा," तो म्हणाला, "पण गेलीस की परत वर यायचं नाही. या घरातली मुलगी वेगळं बिऱ्हाड करते, हे मी लोकांना सांगणार नाही." ठिणगी पेचात पडली. घर सोडायचं नव्हतं आणि वाटाणाही सोडायचा नव्हता. मग उरला फक्त जिना.

शनिवारी ती तासाला गेली ती भांडायच्या तयारीनं. दार ढकललं आणि थबकली. घसरड्या फरशीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत रबरी चटया अंथरलेल्या होत्या.

"कुणीतरी तक्रार केली होती," डॉक्टर तिच्याकडे न बघता म्हणाला.

चटयांवर माणसं आणि पिल्लं एकमेकांत गुंतून बसली होती. एक निवृत्त मास्तर विचारत होते, अजून किती वाढेल हो, मला घर बदलावं लागेल. एका नवऱ्याबायकोच्या पिल्लानं सोफा खाल्ला होता आणि त्यांना भीती अशी, की सोफा बाधेल. कुणाला पिल्लाला रोज पळायला न्यायचं होतं. डॉक्टर प्रत्येकाला शांतपणे सांगत होता. पळवू नका, मऊ मातीवर थोडं चालवा. जेवल्याबरोबर दंगा नको. पिल्लू गुटगुटीत नको, हात फिरवला की फासळ्या लागायला हव्यात, पण नुसत्या डोळ्यांना दिसायला नकोत.

"आता तुमचा प्रश्न," तो ठिणगीकडे वळला.

"माझा तोच आहे. मोठा झाला की कसा उचलू?"

"अजून उत्तर शोधतोय."

"मग मी दर शनिवारी विचारणार."

"या ना," तो म्हणाला, आणि जरा घाईनंच म्हणाला. मास्तरांनी चष्म्यावरून दोघांकडे पाहिलं.

झालं, शनिवार ठरून गेला. हळूहळू वाटाण्याचं लंगडणं थांबलं. ठिणगी तास संपल्यावर चटया गुंडाळायला थांबू लागली. एकदा तिनं पर्समधून सुईदोरा काढला.

"कोट काढू का?" त्यानं विचारलं.

"नको. हलू मात्र नका. सुई आहे हातात."

तो हलला नाही. श्वासही बेतानं घेत होता. ती बटण लावत होती, आणि दोऱ्याला गाठ मारायला जरुरीपेक्षा जास्त वेळ लागत होता...

"तुम्ही सगळ्यांशी अशाच दटावून बोलता?" त्यानं हळूच विचारलं.

"नाही. आवडत नाहीत त्यांच्याशी गोड बोलते."

दोरा तोडायला ती वाकली, तेव्हा तिचे केस त्याच्या हनुवटीला लागले. दोघंही एकदम वाटाण्याविषयी बोलू लागले. वाटाणा झोपला होता, त्याच्याविषयी बोलण्यासारखं तेव्हा काहीच नव्हतं.

इकडे वाटाणा आपलं काम चोख करत होता. वाढत होता. ठिणगी त्याला छातीशी धरून एकेक मजला चढायची आणि दादा वरच्या कठड्यावरून बघायचा. दुसऱ्या मजल्यावर तिला भिंतीला टेकून दम घ्यावा लागू लागला. शेवटी एका संध्याकाळी तिनं वाटाण्याच्या भांड्यातलं खाणं मूठभर काढून ठेवलं. दुसऱ्या दिवशी आणखी थोडं. तो भांडं चाटून तिच्याकडे बघायचा आणि ती दुसरीकडे बघायची.

पुढच्या शनिवारी डॉक्टरनं त्याला काट्यावर उभं केलं. मग त्याच्या फासळ्यांवरून हात फिरवला. तो हात तिथेच थांबला.

"वजन वाढलेलंच नाही. याला उपाशी कोण ठेवतंय?"

"उपाशी नाही. जरा कमी..."

"कोण?"

"मी!" ती ओरडली. सगळी पिल्लं दचकून उठली. "मीच ठेवतेय! तो वाढला तर मला उचलवणार नाही, आणि उचलवला नाही तर त्याला साखळीला बांधतील. काय करू मी? तुम्ही उचला म्हणालात. सांगणं सोपं असतं!"

आणि सगळ्यांदेखत ती रडायला लागली. तिला रडायचा भयंकर राग यायचा, त्यामुळे ती रागारागानं रडली. वाटाणा धडपडत उठला आणि ज्या हातानं त्याचं खाणं काढलं होतं, तोच चाटू लागला. हे मात्र तिला सहन झालं नाही.

डॉक्टर तिच्यासमोर चटईवर मांडी घालून बसला. सगळी अट ऐकून घेतली. मग म्हणाला, "त्याला पोटभर घाला. वाढू दे. त्याचा काय गुन्हा?"

"आणि मी हरले तर?"

"तर हरा. पण तो भुकेला राहून तुम्ही जिंकलात, तर ते तुम्हालाच आवडणार नाही. मी ओळखतो तुम्हाला." मग जरा अडखळत म्हणाला, "आणि... मागची बाजू मी धरीन. रोज, दवाखाना बंद करून. मला उत्तर सापडलंय. एकट्यानं उचलायचाच नाही."

"अट एकटीची आहे."

"अट तुमच्या दादाची आहे," तो म्हणाला. "वाटाण्याची नाही."

ती वाटाण्याला घेऊन निघून आली. पण त्या रात्रीपासून वाटाण्याचं भांडं पुन्हा पूर्ण मापानं भरलं जाऊ लागलं. आणि मशीनवर, राजाच्या झग्याचं काम बाजूला सारून, ती जाड कापडाचं काहीतरी शिवू लागली. वहिनीनं विचारलं तर म्हणाली, "पोशाख आहे." कुणाचा ते सांगितलं नाही.

मग तो दिवस आला. आता एकटीनं उचलवणार नाही, हे ओळखून तिनं सकाळीच डॉक्टरला पत्ता आणि निरोप धाडला होता. बाहेर बारीक पाऊस पडत होता, पायऱ्या ओल्या होत्या. ठिणगी वाटाण्याला घेऊन पहिला मजला चढली. दुसऱ्याच्या अलीकडे तिचे हात सुटायला लागले. तिनं त्याला अलगद खाली ठेवलं, स्वतः पायरीवर ठाण मांडलं आणि त्याला जवळ ओढलं.

"झालं?" वरून दादाचा आवाज आला. "बोलावू गोदामवाल्याला?"

"थांब जरा, दादा. मी अट मोडतेय."

"तूच मंजूर म्हणाली होतीस!"

"म्हणाले होते. चुकले. तुझ्या अटीपायी मी याला उपाशी ठेवलं. अशी अट मी पाळणार नाही, आज नाही आणि कधीच नाही. हा साखळीला जाणार नाही. मी याला घेऊन मावशींच्या खोलीत राहायला जातेय. परत वर यायचं नसेल, तर नाही येणार. पण मी हरून चालले नाही, एवढं लक्षात ठेव."

दादानं काही बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात खालून घाईची पावलं वाजली. भिजलेला कोट, विस्कटलेले केस, बटणं मात्र सगळी जागेवर.

"उशीर झाला," डॉक्टर धापा टाकत म्हणाला. "सोफा खाणाऱ्या पिल्लानं आता दार खाल्लं. मागची बाजू मी..."

"वर जायचं नाही. खाली जायचंय."

"मग पुढची बाजू मला द्या. उतरताना सगळा भार पुढच्या बाजूला येतो."

ठिणगीनं खांद्यावरच्या पिशवीतून जाड कापडाची झोळी काढून पायरीवर पसरली. मऊ अस्तर, दुहेरी शिवण. आणि दोन्ही टोकांना मुठी, दोन माणसांनी धरायला.

डॉक्टर त्या मुठींकडे बघत राहिला. "ही कधी शिवलीत?"

"तुम्ही मागची बाजू धरीन म्हणालात त्या आठवड्यात."

"मी खरंच येईन, हे तुम्हाला माहीत होतं?"

"नव्हतं," ती त्याच्या डोळ्यांत बघत म्हणाली. "न आला असतात तर उसवली असती."

दादा चार पायऱ्या उतरून आला. "हा कोण?"

"दुसरी बाजू धरणारा," ठिणगी म्हणाली.

दादानं डॉक्टरला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मागून वहिनी मात्र मोठ्यानं म्हणाली, "मशीन मी पाठवते गं! आणि वर यायचं नाही म्हणणारे बसू देत वर एकटे. मी खाली येईन चहाला." दादानं बायकोकडे असं पाहिलं, जणू घरात दुसरी ठिणगी आत्ताच सापडली होती.

वाटाणा झोळीत ऐसपैस आडवा झाला आणि दोघं एकेक पायरी जपत उतरू लागले. डॉक्टर पुढे, उलट्या पावलांनी, तिच्याकडे तोंड करून. जिना अरुंद होता, नजर चुकवायला जागाच नव्हती. तळमजल्याला पोचल्यावर दोघांनी झोळी टेकवली, पण मुठी सोडल्या नाहीत.

"मला एक विचारायचंय," तो म्हणाला. "म्हणजे... आत्ताच असं नाही..."

"प्रश्नांचा तास शनिवारी असतो ना?"

"हो, पण..."

"पण तुम्हाला आत्ता विचारायचाय." ती हसली. उघड्या दारातून आलेले पावसाचे थेंब तिच्या पापण्यांवर होते, आणि एकही रडण्याचा नव्हता. "ठीक आहे. मला उत्तर येतंय. हो."

"अहो, मी अजून विचारलंच नाही!"

"मग शनिवारी विचार," ठिणगी म्हणाली. "सगळ्यांसमोर. मी तेव्हाही हो म्हणेन, आणि मोठ्यानं म्हणेन."